गच्चीचा सातबारा

फाल्गुन लागला की पुण्यातली चांगली शिकलीसवरलेली माणसं सकाळी रस्ता झाडणाऱ्या मावशींच्या मागावर निघतात. खांद्यावर सिमेंटचं रिकामं पोतं, पायात फिरायला जायचे बूट आणि ‘मी आपला सहज उभा आहे’ असा चेहरा. मावशी खराट्याने पाला लोटत पुढच्या खांबापर्यंत गेल्या की मागे राहिलेल्या ढिगावर झडप पडते. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस फूटपाथवर उकिडवा बसून पोत्यात पिंपळाची पानं कोंबतोय आणि ओळखीचं कुणी समोरून आलं की बुटाची नाडी बांधायला लागतोय, हे दृश्य एरंडवण्यापासून वारज्यापर्यंत कुठेही बघायला मिळतं. पहिल्या वर्षी मावशींना या लोकांची दया आली होती. आता त्या बाजार ओळखून आहेत. “काका, पिंपळाचं पाहिजे का शिरीषाचं? शिरीषाचं संपलं. कालच त्या शाळेच्या गल्लीतल्या मॅडम घेऊन गेल्या.”

पाल्याचं एक शास्त्र आहे आणि फाल्गुनात ते सगळ्यांना येतं. रेन ट्रीची बारीक पानं (या झाडालाही लोक बिनदिक्कत शिरीष म्हणतात) सगळ्यात लाडकी, कारण ती लवकर कुजतात. पिंपळ चालतो. आंबा, फणस, वड यांची पानं जाड. चार महिन्यांनी उकरून बघावं तर ती अजून ओळख दाखवतात. देशी बदामाचं पान दिसायला राजेशाही, पण एकावर एक बसलं की खाली पाण्याचा थेंब जाऊ देत नाही. त्यामुळे बदामाचा पाला आणणाऱ्याकडे जाणकार मंडळी जरा करुणेने बघतात.

पूर्वी हा सगळा पाला कोपऱ्याकोपऱ्यावर पेटायचा. २०१६ साली घनकचऱ्याचे नवे नियम आले, त्याच वर्षी हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड सांगितला. त्याने जे थांबायचं ते थांबलं. पण आपला पाला शेजारच्या सोसायटीला हवा आहे, हे कळल्यावर लोकांनी काडेपेटी ज्या चपळाईने खिशात टाकली, तसं कुठल्या दंडाने झालेलं नाही. आमच्या फाटकाबाहेर आता पाटी आहे: ‘येथील पाला सोसायटीच्या मालकीचा आहे.’ पाला झाडाचा, झाड महापालिकेचं, मालकी सोसायटीची.

हा सगळा खटाटोप गच्चीवरच्या वाफ्यासाठी. जमिनीपासून वीतभर ते हातभर उंच, चार बाजूंनी आडोसा केलेला, आत भुसभुशीत मातीचा. उंच का, तर पाणी साचत नाही, मुळांना हवा मिळते, आणि मुख्य म्हणजे त्यात कुणी पाय देत नाही. ज्यांच्या तीन पिढ्यांत कुणाच्या नखात माती गेली नाही, अशा माणसांना वसंत ऋतूत अचानक या वाफ्याची ओढ लागते. का लागते, ते सांगता येत नाही. कोकीळ ओरडायला लागलेला असतो, मार्चअखेरची कामं आटोपत आलेली असतात, आणि फोनवर कुणीतरी इंग्लंडमधल्या कुणा आजोबांचा व्हिडिओ पाठवलेला असतो, ज्यात ते गालातल्या गालात हसत एक गाजर उपटतात.

आमच्या गच्चीवर वाफा करायचा विषय निघाला तेव्हा सर्वसाधारण सभा बोलवावी लागली. गच्ची सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. तिथे गाद्या वाळत घालायलाही लोक जोडीने जातात. पहिल्या मजल्यावरचे एक काका सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेत. ते सभेला आयएस ८७५ ची झेरॉक्स घेऊन आले. ज्या सपाट छपरावर माणसं जा-ये करतात त्याच्यावर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरायचा, असं त्या भारतीय मानकात आहे. मग त्यांनी फळ्यावर आकडेमोड केली. दहा फूट लांब, चार फूट रुंद, एक फूट उंच वाफा म्हणजे ४० घनफूट. ओली माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास. म्हणजे वाफ्यात मावली जवळजवळ दोन टन माती आणि चौरस मीटरला भार पाचशे किलोच्या वर. “तुम्ही वाफा करताय की गच्चीवर दोन मोटारी पार्क करताय?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा पार्किंगच्या जागेवरून आधीच बिथरलेले तिघेजण कान टवकारून बसले.

सर्वात वरच्या मजल्यावरच्यांचं दुःख वेगळं होतं. “आमच्या बेडरूमचा कोपरा आधीच ओला आहे,” हे वाक्य ते १९९८ पासून प्रत्येक सभेत बोलतात. गच्चीला कोबा झाला, त्यावर चायना मोझॅक झालं, त्यावर पांढरा रंग झाला. कोपरा ओला तो ओलाच. त्यामुळे विषयपत्रिकेवर पहिला विषय गळतीचा, हा आमच्याकडे प्रघात आहे. वाफ्याला त्यांचा विरोध नव्हता; वाफ्यामुळे आपला कोपरा विस्मरणात जाईल, अशी त्यांना भीती होती.

सभा फिरली ती दोन गोष्टींनी. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मुंबई पोर्ट ट्रस्टचं उदाहरण काढलं. तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून कँटीनच्याच ओल्या कचऱ्यावर झाडं वाढवली, आणि माती म्हणून मुख्यतः कुजलेला पालापाचोळा वापरला. पाला भरला तर वजन मातीच्या मानाने अगदीच थोडं. अभियंताकाकांनी चष्मा काढून पुसला आणि “मग बीमवर ठेवा, मध्ये नको, आणि खाली विटांचे पाय द्या, पाणी वाहिलं पाहिजे,” इतकं मान्य केलं. दुसरी गोष्ट सेक्रेटरींना सापडली. गांडूळखताचा प्रकल्प असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, आणि जोडीला सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवायची सोय असेल तर १०. हे ऐकताच ज्यांना गांडूळ या शब्दानेही शहारे येत होते, त्यांचे हात सर्वात आधी वर गेले. गांडुळांना असा एकमताचा पाठिंबा इतिहासात क्वचितच मिळाला असेल.

मग वाफा कशाचा, यावर दोन रविवार गेले. लाकूड म्हटलं तर वाळवी. पत्रा म्हटलं तर चैत्रात चटका. शेवटी विटा, सिमेंट न लावता नुसत्या रचलेल्या. उद्या कुणाचा विचार बदलला तर उचलता येतील. रुंदी चार फूट धरतात, कारण दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट हात पोचतो. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा हात दीड फुटाच्या पुढे जाईना. त्यांनी वाफ्याच्या जागेशी उभं राहून, पदर खोचून, सर्वांसमक्ष तो पोचवून दाखवला. रुंदी तीन फूट ठरली. अभियंताकाकांनी पुन्हा सगळा हिशेब केला आणि भार कमी झाल्याचं आनंदाने जाहीर केलं. काकूंना मात्र तो शेरा आपल्यावर वाटला.

वाफा भरायचा म्हणजे नुसता पाला पुरत नाही, आणि वसंत ऋतूचे उपकार असे की भरायचं सामान नेमकं याच दिवसांत शहरभर पडलेलं असतं. कोपऱ्यावर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज सुरू होतो आणि चरकाच्या मागे चिपाडांचा डोंगर उभा राहतो. आधी लोक रस प्यायचे आणि जाता जाता ओशाळून चिपाडं मागायचे. आता चिपाडं मागायला जातात आणि ओशाळून रस पितात. चिपाडं तशीच आणली तर त्यांच्या मागोमाग शहरातल्या यच्चयावत मुंग्या जिना चढून येतात, म्हणून ती आधी धुवायची, मग वाळवायची. धुतलेली चिपाडं कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेली मी बघितली आहेत. शेजारी साडी. रसवंतीवाला हुशार निघाला. दोन वर्षं त्याने फुकट दिली. मग एका सकाळी पोत्याला २० रुपये म्हणाला, आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

पुढे आंबा येतो, त्याच्याबरोबर पेटी आणि पेटीतलं गवत. देवगडच्या हापूसची पेटी उघडली की पूर्वी घरातली मुलं आंब्यावर पडायची. आता वडील आधी गवत बाजूला काढतात, दाबून बघतात, वास घेतात, मग म्हणतात, “हं, आंबेही बरे आहेत.” होळीची राख घेऊन येणाराही एक असतोच. पालाश असतं, असं त्याने वाचलेलं असतं. ते खरंच असतं, पण आपली काळी माती मुळातच अल्कली वळणाची, तिला राख चिमूटभर पुरते. याने घमेलं आणलेलं असतं.

काळ्या मातीबद्दल अभिमान बाळगावा आणि कुंडीत तिला घेऊ नये. बेसाल्टची झीज होऊन झालेली ही माती शेतात ओल धरून ठेवते म्हणून तिची कीर्ती. पण ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, आणि चार विटांच्या आत तिचीच पाचवी वीट होते. म्हणून लोक नर्सरीतून लाल माती आणतात, त्यात शेणखत, त्यात कोकोपीट. कोकोपीटची पाच किलोची वडी मुलांना दाखवण्यासारखी असते. टबात पाणी घालून ठेवली की फुगत फुगत साठ-सत्तर लिटर होते. काकूंनी ती रात्री बादलीत भिजत घातली होती. सकाळी बाथरूमचं दार उघडेना.

इथून पुढे पंथ सुरू होतात. माती सुधारायचे मार्ग मोक्षाच्या मार्गांहून कमी नाहीत, आणि प्रत्येक मार्गाच्या माणसाला दुसऱ्या मार्गाच्या माणसाची खरोखर काळजी वाटते.

सगळ्यात आवाजी पंथ जीवामृतवाल्यांचा. विदर्भातले सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलेली ही कृती: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती. हे एका एकराला. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. आमचा वाफा तीन बाय दहा, ३० चौरस फूट. त्रैराशिक मांडलं तर आमच्या वाट्याला येतं १३८ मिलिलिटर, म्हणजे आमटीची एक वाटी. पण वाटीभर जीवामृत करण्यात पुरुषार्थ कुठला? चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी २० लिटरची बादली भरली. शेणासाठी नदीपलीकडच्या गोठ्यावर गाडी काढली. बांधावरची माती हवी म्हणून मुळशीच्या वाटेवर गाडी थांबवून कुणाच्या तरी बांधावरची मूठभर उचलली. शेतकरी लांबून बघत होता, तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने तिथे काटेरी फांदी टाकली म्हणे. गूळ बिनरसायनाचा, किलोला पेढ्यांच्या भावाच्या जवळपास. घरातून विरोध झाला तो फक्त पिठावरून. “लाडवाचं बेसन आहे ते,” असं आतून ऐकू आलं. “जिवाणूंना द्यायचंय,” असं इकडून उत्तर गेलं. “मग जिवाणूंनाच वाढा आज पानं,” असं पुन्हा आतून आलं, आणि त्या संध्याकाळी ते गृहस्थ बराच वेळ गच्चीवर बादली ढवळत होते. दिवसातून दोन-तीनदा, लाकडी काठीने. तिसऱ्या दिवशी सुगंध लिफ्टने खाली उतरला. तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्या दिवशी पेशंट कमी होते.

दुसरा पंथ आकडेवाल्यांचा, आणि तो तरुणांचा आहे. आयटीतला एक मुलगा, घरून काम करतो, त्याने खताच्या ढिगाचं कर्ब-नत्राचं प्रमाण एक्सेलमध्ये मांडलं. तीस भाग कर्ब, एक भाग नत्र, हे चांगलं. वाळक्या पाल्यात कर्ब जास्त, स्वयंपाकघरातल्या ओल्यात नत्र. चिपाडांत तर कर्बच कर्ब. म्हणून पाला दोन थर, ओला एक थर. इथपर्यंत ठीक. पण तो प्रत्येक घरातून येणारी भाजीची देठं तोलून घ्यायला लागला. “काकू, आज तुमचं नत्र कमी आहे,” हे तो जिन्यात बोलला, तेव्हा काकू घाबरून माझ्या बायकोकडे आल्या आणि नत्र कशाने वाढतं, विचारू लागल्या. ढीग नीट जमला की आतून तापतो, साठ अंशांपर्यंत जातो. त्यासाठी त्याने लांब दांडीचा थर्मामीटर मागवला आणि सकाळ-संध्याकाळ सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर तापमान टाकू लागला. ‘५४’, ‘५७’, ‘आज ६१!!’ त्याच आठवड्यात सेक्रेटरींना फ्लू झाला होता, १०२ ताप होता. ढिगाला अंगठे बावीस आले, सेक्रेटरींना चार.

व्हिडिओवाल्यांचं सांगायलाच नको. इंग्लंडच्या आजोबांनी एप्रिलमध्ये वाफा कापडाने झाकून घ्यायला सांगितलं, रात्री दहिवर पडतं म्हणून. आमच्याकडे एकाने खरोखर झाकला. त्या दिवशी पुण्यात पारा ३९ वर होता. आत भेंडीची रोपं होती. ती बिचारी आजोबांच्या हवामानात मेली. आपल्याकडे वसंतात झाकायचं ते उन्हापासून, हिरवं शेडनेट बांधून. पेरायचं ते भेंडी, गवार, चवळी, काकडी, माठ, म्हणजे जे उन्हाला ‘बघून घेतो’ म्हणतं ते. कोथिंबीर पेराल तर ती दोन पानं दाखवून थेट फुलावर जाते. पण व्हिडिओत लेट्यूस असतं. लेट्यूसचं बी अजून दरवर्षी चैत्रात विकलं जातं, आणि दरवर्षी नर्सरीवाला ते विकताना जमिनीकडे बघतो.

गांडुळांकडे येऊ, कारण ५ टक्के सवलत त्यांच्या जिवावर आहे. किलोभर गांडुळं प्लॅस्टिकच्या डब्यातून आली तेव्हा त्यांना बघायला सगळे जमले, आणि झाकण उघडल्यावर सगळे पांगले. राहिले ते तिसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांनी डार्विन वाचलेला आहे. डार्विनने मरायच्या आदल्या वर्षी, १८८१ साली, शेवटचं पुस्तक लिहिलं ते गांडुळांवर. उत्क्रांती वगैरे उरकल्यावर माणसाला कशात लक्ष घालावंसं वाटतं, हे त्यावरून कळतं. गांडुळांना ऐकू येतं का, हे बघायला त्याने घरी मैफल भरवली. मुलाने बसून वाजवलं, म्हणजे ‘बसून’ नावाचं ते लांबलचक फुंकवाद्य. कुणी शिट्टी फुंकली, कुणी पियानो वाजवला. गांडुळं ढिम्म. पण गांडुळांची कुंडीच पियानोवर ठेवून सूर दाबला, तर ती सुळकन बिळात गेली. ऐकू येत नाही, कंप मात्र कळतो, असा निष्कर्ष. आमच्या काकांनी यावरून पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी ब्लूटूथचा डबा वाफ्याच्या विटेला टेकवून रोज पहाटे भीमसेनांची तोडी लावायला सुरुवात केली. गांडुळांचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. समोरच्या इमारतीतून मात्र कुणीतरी ‘रविवारी ललत लावा’ अशी फर्माईश पाठवली.

डार्विनने असंही लिहिलंय की इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी दर एकरी दरवर्षी दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाते. आमची गांडुळं एवढ्या उद्योगी स्वभावाची नव्हती. एप्रिलच्या उन्हात गच्ची तापली तशी ती रात्रीतून निघाली आणि पाण्याच्या टाकीखालच्या गारव्यात गोळा होऊन बसली. सर्वात वरच्या मजल्यावरच्यांना ती तिथे दिसली. “म्हणजे टाकीही गळते,” ते म्हणाले.

याच सुमारास मंचरकडचा माझा चुलतभाऊ आला होता. त्याचा कांदा असतो, ऊस असतो. वाफा दाखवायला त्याला सगळे मिळून वर घेऊन गेले. तो विटांच्या कडेला बसला, मूठभर माती घेतली, दाबली, सोडली. “गादीवाफा केलाय व्हय,” म्हणाला. कांद्याचं रोप टाकायला ते लोक तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीतभर उंचीचे असे गादीवाफे वर्षानुवर्षं करतात. त्याने पुढे माप सांगितलं ते आमच्या दोन रविवारांच्या चर्चेच्या अगदी जवळ जाणारं होतं, फक्त त्याला त्यासाठी सभा लागत नाही. मग किती खर्च आला विचारलं. आकडा ऐकून त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. आयटीतल्या मुलाने त्याला सेंद्रिय कर्बाचं महत्त्व समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या रानाची माती तपासून झालेली आहे, कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आहे आणि ते कार्ड खिशात घेऊन तो फिरतो, हे त्याने त्या मुलाला सांगितलं नाही. मला खाली आल्यावर सांगितलं. पण पाल्याची आणि चिपाडांची पोती बघून तो थबकला होता. “ह्ये इकत आणलं?” वीस रुपये पोतं, असा रसवंतीचा भाव कुणीतरी सांगितला. त्याने लगेच कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. “आरं, उसाचं पाचट पेटवू नको. आजाबात काडी लावू नको. पुण्यात वीस रुपयाला पोतं चाललंय.”

एवढं सगळं होईपर्यंत पीक कुठे आहे, असं कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाला तशी घाईही नव्हती. माणसाच्या हाती जमीन आली की पिकाच्या आधी जे जे यायचं ते क्रमाने आलं. वाफ्याचे पाच भाग पाडले होते, मध्ये सुतळी. चौथ्या मजल्याची सुतळी एका रात्रीत चार बोटं पूर्वेला सरकली. बांध कोरण्याची ही विद्या त्या गृहस्थांना कुणी शिकवली असेल? जन्म सदाशिव पेठेतला. सेक्रेटरींनी वहीत नकाशा काढला, कुणाचा भाग कुठून कुठे, त्यात काय लावलं, पाणी कोण घालतं. वहीवर कुणीतरी पेन्सिलीने ‘७/१२’ लिहिलं, ते अजून तसंच आहे. कारण आता फेरफारही व्हायला लागले. एकजण फ्लॅट विकून बाणेरला गेला. वाफा फ्लॅटबरोबर जातो का? त्याचं म्हणणं नाही, माती त्याने घातलेली आहे. तो पोती घेऊन आला होता.

आणि मग कुळाचं प्रकरण झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचे मालक मुलाकडे अमेरिकेला गेले, सहा महिन्यांसाठी. त्यांच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणाऱ्या जोडप्याने त्यांच्या वाफ्याला पाणी घातलं, तण काढलं, चवळी लावली. मालक परतले ते शेंगा धरल्यावर. त्यांनी तोडायला हात घातला, तर भाडेकरू मुलगी शांतपणे म्हणाली, “काका, कसेल त्याची जमीन.” ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, कुळाला मालकी, हे सगळं तिने सुतळीपाशी उभं राहून तारखांसकट सांगितलं. मालकांच्या आजोबांची वाईजवळची सात एकर त्याच तारखेला गेली होती. ते तसेच खाली आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. शेवटी चवळी निम्मी-निम्मी झाली. भाडं मात्र अकरा महिन्यांच्या कराराप्रमाणे वाढलं.

वैशाखात चोरी झाली. म्हणजे तसा बोभाटा झाला. काठोकाठ भरलेला वाफा अर्ध्यावर आला होता. “हातभर माती गेलीय,” म्हणून काकूंनी हाक मारली, आणि पाहता पाहता गच्चीवर पंचनामा सुरू झाला. वॉचमनवर संशय, मग शेजारच्या सोसायटीवर, कारण त्यांच्याकडे नवे वाफे झाले होते आणि त्यांची माती आमच्या मातीसारखी दिसत होती. सीसीटीव्ही बघायला कमिटी बसली. तीन रात्रींचं चित्रण बघितलं. त्यात दिसली पुष्कळ कबुतरं, एक मांजर, आणि पहाटे साडेपाचला इकडे तिकडे बघत, आपल्या ओल्या कचऱ्याची पिशवी दुसऱ्यांच्या वाफ्यात पुरणारे सेक्रेटरी. पुढचं बघायला नको, असं कमिटीने सर्वानुमते ठरवलं. पाला कुजला की बसतो. हातभर भरला तर काही महिन्यांत वीतभर उरतो, आणि जी वीत उरते तिच्यासाठीच हा सगळा उपद्व्याप असतो, हे तो आयटीतला मुलगा पहिल्यापासून ग्रुपवर लिहीत होता. पण तो मजकूर आकड्यांच्या मागे आला होता, तो कुणी वाचला नव्हता. वॉचमनने काही मनावर घेतलं नाही. त्याचं वाशिमकडे चार एकर रान आहे.

ती वीतभर माती मात्र बघण्यासारखी झाली आहे. काळसर, हातात घेतली तर मोकळी, वास पहिल्या पावसाचा. पानाचा आकार हरवलेला, शिरांची जाळी तेवढी कुठे कुठे. जीवामृतवाले म्हणतात जीवामृताने झाली, राखवाले म्हणतात राखेने, आणि काका काही म्हणत नाहीत, डबा विटेला टेकवतात.

तिच्यातून पहिलं जोमदार काय आलं असेल, तर कुणीच न लावलेला लाल भोपळा. ओल्या कचऱ्यातून बी आलं असणार. वेल बघता बघता सुतळ्या ओलांडून पाचही भागांवर गेला, तिथून डिशच्या छत्रीवर आणि तिथून टाकीवर. फळ धरलं ते टाकीच्या झाकणावर, म्हणजे सामाईक जागेत. काकू म्हणतात, संकष्टीला भोपळ्याचे घारगे आमच्याकडे झाले होते, बी आमचंच. चौथा मजला म्हणतो, मूळ आमच्या हद्दीत आहे. भाडेकरू मुलगी म्हणते, पाणी कुणी घातलं ते विचारा. सेक्रेटरी गप्प आहेत, कारण पहाटे साडेपाचची पिशवी सगळ्यांच्या लक्षात आहे आणि त्यांच्या घरीही भोपळा बराच खातात. वरच्या मजल्यावरच्यांनी लेखी कळवलंय की भोपळ्याच्या वजनाने टाकीचं झाकण दबून गळती वाढली आहे. अभियंताकाका झेरॉक्स शोधतायत. सभेची नोटीस काल लागली. विषय पहिला: भोपळा. विषय दुसरा: गळती.